आजोबांच्या ट्रंकेतले पिस्तूल : युद्धातून आलेल्या शस्त्राचा माग कसा काढावा

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्याची संख्या २५ लाखांच्या आसपास पोहोचली होती, आणि त्यांपैकी जे घरी परतले त्यांच्यातील काहींच्या ट्रंकेत पदके, घोंगडी आणि डिस्चार्जचे कागद यांच्याबरोबर एखादे परदेशी पिस्तूलही आले. सोलापुरात आमच्या घरी असे एक पिस्तूल होते. ते माझ्या चुलत आजोबांचे, म्हणजे अण्णा आजोबांचे. घरात त्याला सगळे ‘बर्माचे पिस्तूल’ म्हणत आणि खंडेनवमीला कात्री, शिवणयंत्र आणि मागाचा धोटा यांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू वाहिले जाई. पुढे शोध घेतला तेव्हा ते बर्माचे नव्हते आणि जपानी तर मुळीच नव्हते. ते इटालियन निघाले. या शोधात झालेल्या चुका आणि उपयोगी पडलेले मार्ग नवख्या माणसाच्या कामी यावेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक फरक मनात पक्का करावा. पिस्तुलावरचे आकडे आणि शिक्के ते कोणत्या कारखान्यात, केव्हा आणि कोणासाठी बनले एवढेच सांगतात. ते आपल्या माणसाच्या हाती कसे आले हे लोखंडावर कुठेही लिहिलेले नसते. ते त्या माणसाच्या नोकरीच्या कागदांतून अनुमानाने काढावे लागते. बहुतेक नवखे पहिल्याच गोष्टीवर सगळा वेळ घालवतात आणि दुसरीकडे वळेपर्यंत ती माहिती सांगू शकणारी वडीलधारी माणसे निघून गेलेली असतात.

आधी परवाना, मग इतिहास

पिस्तूल घरात आहे आणि ज्यांच्या नावावर परवाना होता ते हयात नाहीत, किंवा परवाना कधी होता की नाही हेच कोणाला सांगता येत नाही, अशी स्थिती असेल तर इतिहासाचे काम तिथेच थांबवावे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे, आणि ‘आजोबांची आठवण’ हा त्यावरचा बचाव होत नाही. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास कलम २१ प्रमाणे वारसाने ते शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. सोलापूर शहरात हा अर्ज पोलीस आयुक्तांकडे, तर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा अशा आयुक्तालयाबाहेरच्या भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्याने, जातो. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत सोडवून घेतले नाही किंवा त्याची कायदेशीर विल्हेवाट लावली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून पावतीवरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

दोन गैरसमज वारंवार ऐकू येतात. पहिला असा की ऐंशी वर्षांचे जुने म्हणजे ‘अँटिक’ आणि त्याला परवाना लागत नाही. दुसरा असा की बंद पडलेले पिस्तूल म्हणजे नुसते लोखंड. कलम ४५ मधील सूट जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या अशा शस्त्रांना आहे खरी, परंतु ते शस्त्र दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असले पाहिजे, आणि ते तसे आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. त्यातच बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, प्रश्न येतो. आपल्याकडे ९ मिलिमीटरची पिस्तुले आणि .३८ व .४५५ बोअरची रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या बोअरमध्ये, मोडतात, आणि युद्धातून आलेली पुष्कळशी शस्त्रे नेमकी याच बोअरची असतात. परवान्याचा कागदच सापडत नसेल तर आधी फौजदारी कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जावे, त्यांच्यामार्फत ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोलिसांनाच घरी येऊन शस्त्र ताब्यात घेण्याची विनंती करावी. पिशवीत घालून स्कूटरवरून ठाण्यापर्यंत ते नेण्याचा विचारही करू नये.

हाताळणीबद्दल एवढेच सांगतो, की पिस्तूल भरलेले आहे असे धरूनच चालावे. मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढले तरी नळीत एक गोळी राहिलेली असू शकते, आणि जुनी काडतुसे आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षे तापलेली असतात. ते उघडून, तपासून रिकामे करण्याचे काम पोलिसांच्या किंवा परवानाधारक विक्रेत्याच्या जाणकाराचे आहे.

पंचनामा हाच पहिला दस्तऐवज

शस्त्र जमा करणे म्हणजे इतिहास हातातून जाणे, असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात उलटे घडले. जमा करताना जो पंचनामा होतो त्यात शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक लिहिला जातो, त्यावर सही-शिक्का असतो आणि त्याची प्रत मागता येते. त्या वेळी शेजारी उभे राहून, शस्त्र रिकामे केल्यानंतर, त्यावरचा प्रत्येक शिक्का वाचून नोंदवण्याची नम्रपणे विनंती करावी आणि छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, दोन्ही बाजू, मुठीच्या वरची चौकट, नळीचा वरचा भाग, मॅगझिनचा तळ आणि चामड्याचे म्यान असल्यास त्याची आतली बाजू, इतक्या ठिकाणी पाहावे. ही छायाचित्रे कोणाला पाठवायची झाली तर क्रमांकाचे शेवटचे दोन-तीन आकडे झाकावेत.

घरातल्या जुन्या कागदांतही क्रमांक सापडतो, आणि तो कुठे सापडेल हे सांगता येत नाही. आमच्याकडे परवान्याचे जुने पुस्तक होतेच, पण त्याहून उपयोगी पडल्या त्या निवडणुकीच्या काळात ठाण्यात शस्त्र जमा केल्याच्या पावत्या. काकांनी त्या एका सुतळीत ओवून खुंटीला टांगून ठेवल्या होत्या. पाच पावत्यांवर एक क्रमांक आणि परवान्याच्या पुस्तकात दुसरा, असे निघाले. दोन दिवस डोके खाजवल्यावर उलगडा झाला. पिस्तुलावर इंग्रजी नऊचा आकडा कोरलेला होता, पुस्तक लिहिणाऱ्या कारकुनाने तो मराठी एक समजून वाचला आणि पुढे इंग्रजीत तसाच उतरवला. मराठी १ आणि इंग्रजी नऊ शेजारी काढून पाहिले की ही चूक किती सहज होते ते कळते. म्हणून क्रमांक नेहमी निदान दोन कागदांवरून ताडून पाहावा, आणि तो जुळत नसेल तर घाबरून जाण्याआधी आकड्यांची लिपी तपासावी. मात्र ही तफावत परवाना कार्यालयाच्या नजरेस लेखी आणून देऊन दुरुस्त करून घ्यावी. तशीच ठेवल्यास पुढच्या पिढीला त्रास होतो.

आणखी एक कळकळीची सूचना. पिस्तूल घासू नये. माझ्या चुलत भावाने एका खंडेनवमीला उत्साहाच्या भरात पॉलिश पेपर घेऊन ते ‘लखलखीत’ केले, आणि स्लाइडच्या डाव्या बाजूची अर्धी ओळ त्यात गेली. जी अक्षरे वाचली ती केवळ कुंकवामुळे. वर्षानुवर्षांचे तेलकट कुंकू कोरीव अक्षरांच्या खाचांत बसून कडक झाले होते आणि तिरप्या उजेडात तीच अक्षरे लाल रेघांनी उठून दिसत होती. मऊ ब्रश, सुती फडके आणि खिडकीतला तिरपा उजेड, यापलीकडे काही वापरू नये.

शिक्के काय सांगतात

आता शिक्क्यांकडे वळू. हिंदुस्थानी सैनिक ज्या आघाड्यांवर लढले त्यांवरून साधारण तीन प्रकारची परकी शस्त्रे घरी आलेली असू शकतात : इटालियन, जर्मन आणि जपानी.

इटालियन पिस्तुलांत बेरेट्टा हे नाव आधी येते. त्यावर कारखान्याचे गाव म्हणून गार्दोने असे लिहिलेले असते, आणि बहुधा सनाच्या पुढे रोमन अंकही असतात. हे अंक मुसोलिनीच्या फॅसिस्ट कालगणनेचे आहेत. ती गणना ऑक्टोबर १९२२ पासून सुरू होते आणि तिचे वर्ष ऑक्टोबरच्या अखेरीस बदलते. त्या अंकात १९२२ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे रोमन अठरा असेल तर १९४०, वीस असेल तर १९४२. सन आणि रोमन अंक एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहणे ही खरेपणाची पहिली साधी कसोटी आहे. आर. ई. ही अक्षरे इटालियन राजाच्या भूदलाची, आर. एम. नौदलाची आणि आर. ए. हवाई दलाची. १९३४ चे मॉडेल ९ मिलिमीटर आखूड काडतुसाचे आहे, तर १९३५ चे ७.६५ मिलिमीटरचे, ज्याला आपल्याकडे .३२ बोअर म्हणतात. आमचे पिस्तूल या दुसऱ्या प्रकारचे होते, आणि त्याला नागरी परवाना का मिळू शकला याचे उत्तरही त्या बोअरमध्येच होते.

जर्मन शस्त्रांवर युद्धकाळात कारखान्याचे नाव न घालता सांकेतिक अक्षरे घालत. वॉल्थर पी-३८ वर ‘एसी’ आणि पुढे सनाचे दोन आकडे असतील तर ते खुद्द वॉल्थरचे, ‘बीवायएफ’ असेल तर माउझरचे, ‘सीवायक्यू’ असेल तर स्प्रेवर्कचे. गरुड आणि त्याखाली आकडा असे बारीक शिक्के सैन्याच्या तपासनिसांचे असतात. बेल्जियममधील एफएन कारखान्याची ब्राउनिंग पिस्तुलेही जर्मन ताब्याच्या काळात बनत राहिली, त्यामुळे बेल्जियन पिस्तुलावर जर्मन गरुड दिसला तर गोंधळू नये.

जपानी नाम्बू पिस्तुलाच्या उजव्या बाजूला जपानी अक्षर आणि त्यापुढे टिंबाने तोडलेले दोन आकडे दिसतात. पहिला आकडा शोवा काळाचे, म्हणजे जपानी सम्राट हिरोहितो यांच्या राजवटीचे, वर्ष आणि दुसरा महिना. वर्षात १९२५ मिळवावेत. १६ असेल तर १९४१.

याखेरीज चौथा प्रकार आहे, आणि तो बहुतेकांची निराशा करतो. रिव्हॉल्व्हरवर एनफील्ड किंवा वेबली असे नाव आणि कावळ्याच्या पायासारखा तीन रेघांचा बाण दिसला, तर ती शत्रूकडून मिळवलेली वस्तू नव्हे. तो बाण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आहे. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर ते हिंदुस्थान सरकारचे. ते सैनिकाला मिळालेले, किंवा नंतर विक्रीला निघालेले शस्त्र असू शकते. त्याचप्रमाणे जर्मन किंवा इटालियन पिस्तुलाच्या नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतील, तर ते इंग्लंडच्या व्यापारातून फिरून आले आहे असे समजावे. सैनिकाच्या किटबॅगेतून थेट सोलापूरला आलेल्या पिस्तुलावर ते शिक्के असण्याचे कारण नाही.

शिक्क्यांवरून निघालेले वर्ष लगेच युद्धाच्या कालक्रमावर ठेवून पाहावे. उत्तर आफ्रिकेतील लढाई मे १९४३ मध्ये संपली. तेव्हा ‘एसी ४४’ लिहिलेले पिस्तूल ‘आजोबांनी आफ्रिकेतून आणले’ हे म्हणणे तिथेच संपते. उलट १९४१ चे पिस्तूल आफ्रिकेतूनही येऊ शकते आणि इटलीतूनही, आणि तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

माणसाचे कागद

हा भाग सर्वांत वेळखाऊ आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. सुरुवात पदकांपासून करावी, कारण ती सहसा घरातच असतात आणि खोटे बोलत नाहीत. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची असून मध्ये लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना गडद व फिक्या निळ्या रेघा असतात. इटली स्टारच्या फितीत इटलीच्या झेंड्याचे लाल, पांढरा, हिरवा हे रंग आहेत. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मध्ये रुंद लाल पट्टा आणि निळ्यावर नारिंगी पट्टे. फीत विरून गेली असली तरी ताऱ्यावर आघाडीचे नाव कोरलेले असते. पदकावर क्रमांक आणि नाव कोरलेले असेल तर ते उतरवून घ्यावे, कारण सैन्यात माणूस नावापेक्षा क्रमांकाने सापडतो. अण्णा आजोबांच्या पदकांत बर्मा स्टार नव्हता, आफ्रिका स्टार होता. साठ वर्षे जे पदक भिंतीवर काचेत लावलेले होते, ते वाचण्याचे कष्ट आम्ही कोणी घेतले नव्हते. आमच्या भागात सगळेच युद्ध ‘बर्माची लढाई’ होते, आणि त्या शब्दाने पदकावरची अक्षरेही झाकली गेली.

त्यानंतर डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शन असल्यास पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, कागद, आणि पत्रे. पत्रावर फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे आघाडीवरच्या सैनिकी टपाल कार्यालयाचा, शिक्का आणि आकडा असेल तर पाकीट फेकू नये. त्या आकड्यावरून टपाल कोणत्या भागातून निघाले हे टपाल-अभ्यासक सांगू शकतात. पलटणीचे नाव लिहिताना त्या काळी ३/५ असे लिहीत. तो अपूर्णांक नव्हे आणि तारीखही नव्हे, त्याचा अर्थ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. या एका खुणेवर पुष्कळ अवलंबून असते. ३/५ मराठा १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या लढाईत इटालियनांशी लढली, तर २/५ मराठा जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुक पडले तेव्हा तिथे होती. ४/५ मराठा मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांसमोर उभी होती. म्हणजे तोब्रुकला युद्धकैदी झालेल्या माणसाने तिथलेच पिस्तूल बरोबर आणले असेल ही शक्यता जवळजवळ सोडून द्यावी, आणि सांगशाकच्या माणसाकडे बेरेट्टा निघाले तर ते दुसऱ्या कोणाकडून आले असणार असे धरून शोध घ्यावा.

पलटण कळली की पत्रव्यवहार कुठे करायचा ते ठरते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे (सैन्याच्या इंजिनिअर दलाचे) पुण्याजवळ खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आहे. नातेवाईक म्हणून अर्ज करताना सैनिक क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि भरतीचे वर्ष द्यावे, सोबत मृत्यूचा दाखला आणि आपले नाते दाखवणारा कागद जोडावा. गावाचे नाव आजच्या स्पेलिंगने न लिहिता त्या काळी लिहीत तसेही लिहावे. सोलापूर हे त्या कागदांत ‘शोलापूर’ आहे. अर्जाचा मसुदा जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. युद्धकाळातील प्रत्येक माणसाचा कागद टिकलेला असेलच असे नाही, आणि उत्तर आले तरी बहुधा भरती व डिस्चार्जच्या तारखा आणि युनिटचे नाव एवढेच असते. तेवढेही पुरते. युनिटचे नाव मिळाले की त्या युनिटची युद्ध-दैनंदिनी, म्हणजे तुकडीच्या रोजच्या हालचालींची नोंदवही, शोधता येते. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात मध्यपूर्वेतील तुकड्यांच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्ध खाते) १६९, इटलीच्या डब्ल्यूओ १७० आणि आग्नेय आशियाच्या डब्ल्यूओ १७२ या मालिकांत आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. दैनंदिनीत शिपायाचे नाव शोधू नये. ती तुकडी कोणत्या तारखेला कुठे होती हे पाहावे.

अमेरिकन सैनिकांना युरोपात मिळवलेली वस्तू घरी नेण्यासाठी अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला मिळत असे, आणि इंग्रजी पुस्तके वाचून आपले लोकही तो कागद ट्रंकेत शोधत बसतात. आपल्याकडे त्याची अपेक्षा धरू नये. आपल्याकडे शोधण्यासारखा कागद म्हणजे १८७८ च्या जुन्या शस्त्र कायद्याखालचा पहिला परवाना. त्यावर शस्त्र कसे मिळाले याबद्दल एखादी ओळ असू शकते, आणि त्याची तारीख तरी हमखास असते. नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे कागद वेगवेगळे मागावेत. जुन्या नोंदींसाठी अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज किंवा माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करता येतो.

सोलापुरातली खास अडचण

सोलापूरकरांनी एक शक्यता कधीही विसरू नये. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावर जी कारवाई सुरू झाली, तिची मुख्य फळी सोलापूरकडूनच निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गात पोहोचली. त्याआधी रझाकारांच्या काळात संस्थानाच्या हद्दीला लागून स्वातंत्र्यसैनिकांचे सशस्त्र कॅम्प होते. तेव्हा घरातले पिस्तूल ‘लढाईतले’ आहे हे खरे असले, तरी ती लढाई कोणती हे विचारले पाहिजे. आजोबा १९४६ साली सैन्यातून सुटले आणि पिस्तुलाचा पहिला परवाना १९४९ चा निघाला, तर मधल्या तीन वर्षांचा हिशेब लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरातल्या मोठ्यांना ‘युद्धातले ना?’ असे विचारले की ‘होय’ असेच उत्तर येते; त्याऐवजी ‘पहिल्यांदा ते कोणत्या घरात पाहिले, तेव्हा तुमचे लग्न झाले होते का, थोरला जन्मला होता का’ असे विचारावे. माझ्या आजीला सन सांगता येत नव्हता, पण ते पिस्तूल चादरीच्या तुकड्यात गुंडाळून कणगीमागे ठेवलेले तिने माप ओलांडून आल्या वर्षीच पाहिले होते, आणि तिचे लग्न १९४७ च्या वैशाखातले. त्यामुळे आमच्यापुरता १९४८ चा प्रश्न मिटला.

टिपण कसे ठेवावे

सगळे एका वहीत लिहावे आणि पानाचे तीन रकाने करावेत : वस्तूवर जे दिसते ते, कागदावर जे लिहिले आहे ते, आणि घरात जे सांगितले जाते ते. तिसऱ्या रकान्यात कोणी, केव्हा, किती वयात सांगितले हेही लिहावे. एका रकान्यातले दुसऱ्यात जाऊ देऊ नये, कारण घरातली गोष्ट एकदा कागदाच्या रकान्यात शिरली की दहा वर्षांनी ती पुरावा म्हणून वाचली जाते.

आमच्या वहीत पहिल्या रकान्यात गार्दोने, सन १९४१ आणि अर्धी पुसलेली ओळ आहे. दुसऱ्यात आर्मी सर्व्हिस कोरमधील मोटार ड्रायव्हर, आफ्रिका स्टार, आणि १९४६ चा डिस्चार्ज. ‘कसे मिळाले’ या ओळीसमोर दुसरा रकाना कोरा आहे. तिसऱ्यात आजीचे एक वाक्य, २००९ च्या दिवाळीत ऐकलेले : “लढून न्हाई काही, सिगारेटी देऊन घेतलं म्हणायचे.”